पुन्हा: बोटीची तारीख (आणि माशांच्या डोक्यांचं काय?)

खजिनदार: आपल्या मासेमारीच्या सहलीसाठी न्यू जर्सीतल्या बेलमारच्या बोटवाल्याला शुक्रवारपर्यंत आकडा हवाय. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, फ्लूक (चपटा मासा) पकडायला. १७ नावं आलीत, २० लागतात. गेल्या खेपेला ऐन वेळी टांग दिलेल्यांनी आधी पैसे भरावेत. नावं घेत नाही.

माई: अहो, तेव्हा श्रावण! आमचे दोघं वजा.

बंड्या: माई, गळ टाकायचा, खायचं नंतर. फ्रीझर कशाला आहे?

माई: म्हणजे गोपाळकाल्याच्या दह्याशेजारी मासे?

आबा: फ्लूकचा हंगाम सप्टेंबरअखेर बंद होतो. गणपती, पितृपक्ष, नवरात्र सोडलं तर उरतं काय? दिवाळीनंतर जा. १६ नोव्हेंबरपासून ब्लॅकफिश (टॉटोग मासा) नियमाने माणशी ५ ठेवता येतात, १५ इंचांच्या पुढचे. स्ट्रायपरही (पट्टेरी बास मासा) तेव्हा दक्षिणेकडे उतरत असतो. पण तो माणशी एकच, आणि २८ ते ३१ इंचांतच बसला पाहिजे. आमच्या जावयांचा ३४ इंची परत सोडावा लागला. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, जसा नियम मीच केला.

खजिनदार: आबा, नोव्हेंबरात निम्मे लोक केबिनमध्ये चहा पीत बसतात. शिवाय ब्लॅकफिशला आमिष म्हणून हिरवे खेकडे लागतात. मागे अर्धी बादली कुणीतरी घरी नेली, भरपाई मी केली.

बंड्या: मी नव्हे. रस्सा बरा झाला होता असं ऐकलं.

वहिनी: तारीख कुठलीही ठेवा, खलाशाला आधी बजावा की डोकी फेकू नकोस! फ्लूक म्हणजे आपली थोराड लेप, तिच्या डोक्यात फारसं काही नाही. पण स्ट्रायपरचं डोकं जिताड्याच्या तोडीचं. माझ्या डोळ्यांदेखत त्याने दोन्ही बाजूंचं मांस काढलं आणि डोकं-काटा सीगलना दिला. वर आम्ही त्याला टिप दिली.

नवीन सभासद: नमस्कार, लायसन्स लागतं का?

खजिनदार: बोटीवर आपल्याला काही लागत नाही. सँडी हूकला समुद्रकिनाऱ्यावरून गळ टाकणार असाल तर न्यू जर्सीची नोंदणी करा, फुकट आहे. तीनदा कळवलंय.

आबा: स्ट्रायपरला आमिष लावणार असाल तर गळ वर्तुळाकारच हवा, हेही कळवा. साधा गळ माशाच्या पोटात अडकू शकतो, मग सोडूनही मासा बरेचदा जगत नाही.

माई: नोव्हेंबर असेल तर आमचे दोघं धरा. आणि एक डोकं.

खजिनदार: डोकी नंतर. माणसं किती?