लोखंड-गंधक तापवलं तरी चुंबकाला चिकटतंय, काय चुकलं असेल?

खानापूर_सायन्स:
नमस्कार, मी खानापूर तालुक्यात मराठी मिडीयम हायस्कूलला नववीला सायन्स शिकवते. मिश्रण आणि संयुगाच्या धड्यात ५ ग्रॅम लोखंडाचा कीस आणि ३ ग्रॅम गंधकाचा प्रयोग आहे ना, एका गटानं नुसतं मिसळायचं आणि दुसऱ्यानं चिनी मातीच्या बशीत लाल होईपर्यंत तापवायचं, तो काल केला. काळा गोळा झाला, गार झाल्यावर कुटला आणि चुंबक लावला तर बरंच चिकटलं की ओ! मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलेलं, संयुगाला चुंबक ओढत नाही. एक मुलगी उठून म्हणाली, टीचर मग हे संयुग झालंच नाही काय? मला उत्तर देता आलं नाही, रात्रभर तेच डोक्यात होतं. कीस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवरनं आणलाय आणि गंधक खत-औषधाच्या दुकानातलं, पिकावर भुरी रोगाला मारतात ते.

निपाणीचा_निवृत्त_शिक्षक:
ताई, त्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे, थोडं लोखंड संयुगात गेलंच नाही. पुडी उलटून बघा, ८० टक्के लिहिलेलं असणार. म्हणजे तुमच्या ३ ग्रॅममध्ये खरं गंधक २.४ ग्रॅमच, बाकी ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली पावडर. आता लोखंडाचा अणुभार ५६, गंधकाचा ३२, म्हणजे ७ ला ४. ह्या हिशोबानं २.४ ग्रॅम गंधक ४.२ ग्रॅम लोखंडालाच पुरतं, ०.८ ग्रॅम लोखंड तसंच उरतं आणि चुंबकाला तेच चिकटतंय. शुद्ध गंधक असतं तर ५ ग्रॅमला २.८६ ग्रॅम लागतं, पुस्तकातलं ३ म्हणजे थोडं जास्तच दिलंय. पण त्यात दुसरी गोम अशी की बशी उघडी असते, गंधक ११५ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि पुढं हवेत निळ्या ज्योतीनं जळून जातं, तो ठसका लावणारा धूर म्हणजे तुमच्या हिशोबातलं गंधकच उडून चाललंय. म्हणून मी कायम परीक्षानळीत करायचो, १.४ ग्रॅम कीस, ०.८ ग्रॅम गंधक आणि तोंडाला ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंचा) सैल बोळा. वजन सराफी काट्यावर करा, चमच्यानं मोजू नका.

उद्यमबाग_फौंड्री:
टीचर मी फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओततात तिथं, काम करतो, लेथवरचा तो चुरा बहुतेक सीआय बोरिंग, म्हणजे कास्ट आयर्नचा (बिडाचा) कीस असणार. बोटाला काळं लागतंय काय बघा, लागत असेल तर ते ग्रॅफाइट, त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन असतं, शिवाय कण जाड, गंधक वरवर लागतं आणि आतलं लोखंड तसंच राहतं. लॅबच्या दुकानातनं बारीक लोखंड पावडर आणा, महाग नसतं. आणि ही रिअॅक्शन आमच्याकडं रोजची डोकेदुखी आहे ओ, क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, कोकमधलं गंधक लोखंडात उतरतं आणि तेच आयर्न सल्फाइड तयार होतं, ते लोखंडाबरोबर ९८८ डिग्रीलाच वितळतं म्हणून धातू घट्ट होताना कणांच्या मधे पातळ राहतं आणि गरम असतानाच माल तडकतो. त्यावर उपाय मँगनीज, गंधक लोखंड सोडून त्याला धरतं. मँगनीज किती टक्के हवं त्याचा आमचा हिशोब, गंधकाच्या टक्क्यांच्या १.७ पट अधिक ०.३. पोरांना हे सांगा, इथल्या कितीतरी जणांच्या घरात कोणी ना कोणी फौंड्रीत असतंय.

खानापूर_सायन्स:
पुडी बघितली, ८० टक्केच आहे! आणि बोटं पण काळी झाली. दोघांचेही मनापासून आभार. नळीत केलं तर आम्लाची टेस्ट पण दाखवू का?

निपाणीचा_निवृत्त_शिक्षक:
दाखवा, पण चिमूटभर पूड आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोनच थेंब, खिडकीपाशी. मिश्रणातनं हायड्रोजन निघतो, त्याला वास नाही. संयुगातनं हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा, आणि तो विषारी आहे. जास्त झाला तर नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. पोरांना नळीला नाक लावू देऊ नका, लेड ॲसिटेटचा ओला कागद धरा, काळा पडतो, वास घ्यायची गरजच नाही.

खानापूर_सायन्स:
आज केलं. नळीचं बूड लाल झालं तसा दिवा बाजूला घेतला, तरी आतली लाली आपोआप वर सरकत गेली, पोरं श्वास धरून बघत होती. तापवायचं फक्त सुरुवात करायला, पुढची उष्णता रिअॅक्शनच देते, हे मी इतकी वर्षं तोंडी सांगत होते, डोळ्यांनी आज बघितलं. चुंबक लावला तर थोडेच कण हलले, बाकीचा गोळा जागचा हलला नाही. त्या मुलीनं वहीत ७:४ लिहून घेतलंय आणि पहिल्या वेळी उरलेलं ०.८ ग्रॅम लोखंड तिनं स्वतः हिशोब करून दाखवलं.