मदत हवी आहे: तुलनात्मक निबंध परत आलाय, रविवारपर्यंत पुन्हा द्यायचाय

उशिरा_उठलेली
नमस्कार मंडळी, तुलनात्मक निबंध नेमका लिहितात कसा ते कुणी नीट सांगेल का? एकदा लिहून दिला तो परत आला. दोघांबद्दल सगळं लिहिलंय, सनावळ्यांसकट, एक मुद्दा सोडला नाही, तरी सर म्हणतात तुलना नाही. यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितले, तिघंही आधी पाच मिनिटं चॅनल सबस्क्राइब करा म्हणतात आणि मग सांगतात काय तर प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप. ते मलाही माहितीये हो. रविवारी रात्रीपर्यंत द्यायचाय आणि आज शुक्रवार. प्लीज लवकर.

पेठेतला_पोपट
कुणाकुणाची तुलना? किती शब्द? कितवीला?

दोनदा_चहा
ताई राग मानू नका पण मुलांचे निबंध आईवडिलांनी लिहून देऊ नयेत. माझ्या भाचीचं असंच झालं, पाचवीपासून प्रत्येक प्रकल्प वहिनीच करायची, थर्माकोलचा किल्ला काय, वनस्पतींची वही काय, आणि दहावीला पोरगी पत्रलेखनात अडकली. मुलाला चुकू द्या. एक रविवार मार्क गेले तर काही बिघडत नाही.

उशिरा_उठलेली
अहो निबंध माझाच आहे! एम.ए. करतेय बाहेरून, इतिहास. नोकरी सांभाळून. मुलगा उलट मलाच विचारतो आई तुझा होमवर्क झाला का.

दोनदा_चहा
ओह सॉरी. मग मुद्दा मागे घेतो. पण तत्त्व म्हणून कायम.

पेठेतला_पोपट
विषय अजून आलेला नाही बरं का.

उशिरा_उठलेली
टिळक आणि आगरकर. बाराशे शब्द.

गोदाकाठ
हा विषय नाही ताई, ही दोन नावं आहेत. प्रश्न काय दिलाय तो शब्दाला शब्द टाका. आणि सरांनी शेरा काय मारलाय तोही.

उशिरा_उठलेली
प्रश्न असा: "टिळक व आगरकर यांच्या सामाजिक सुधारणेविषयीच्या भूमिकांची तुलना करा." शेरा लाल पेनाने शेवटच्या पानावर, आडवा: "ही दोन चरित्रे झाली. तुलना कुठे?" बास, एवढंच. मार्क दहापैकी चार.

रेघ_मारा
तुमचा प्रॉब्लेम कळला. मी स्पर्धा परीक्षा चार वेळा दिल्यात त्यामुळे सांगतो. उत्तरपत्रिकेत मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे टिळक, उजवीकडे आगरकर, समोरासमोर सात मुद्दे. तपासणाऱ्याला तीस सेकंदात दिसलं पाहिजे. निबंध कुणी वाचत नाही, मोजतात.

गोदाकाठ
एम.ए.च्या निबंधात तक्ता? रेघ कच्च्या कागदावर मारा, पक्क्यात नको. तक्त्यात मुद्दे समोरासमोर येतात पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे तक्ता सांगत नाही, आणि तेवढंच तर विचारलंय.

रेघ_मारा
मला तक्त्यावर मार्क मिळालेत.

गोदाकाठ
चार वेळा?

पेठेतला_पोपट
😂😂

स्वराज्य_१९२०
मुळात असले प्रश्न काढतातच कशाला? टिळकांना प्रतिगामी ठरवायचं आणि आगरकरांना पुरोगामी, हा ठरलेला कार्यक्रम आहे. ज्या माणसाने मंडालेला सहा वर्षं काढली त्याची सामाजिक सुधारणेवरून परीक्षा घेणारे आपण कोण?

खडूस_खारूताई
मंडाले १९०८ ते १९१४. आगरकर गेले १८९५ ला. त्यांच्या तुलनेत मंडाले कुठून आलं? विषयाला धरून बोला.

टेंभूकर
आमच्या गावाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आगरकर आमच्या टेंभूचे, कराड तालुका. आता टेंभू म्हटलं की लोक विचारतात, ती उपसा सिंचन योजना का? पाणी कृष्णेचं उचलतात, जातं पार लांब दुष्काळी भागात, आणि नाव गावाचं. आगरकर कुणाला आठवत नाहीत. असो. टिळक चिखलीचे ना?

पेठेतला_पोपट
मूळ गाव चिखलगाव, दापोलीकडचं. जन्म रत्नागिरीतला.

उशिरा_उठलेली
मंडळी, निबंध. 🙏

मास्तरीणबाई
मी आता रिटायर झालेय, तीस वर्षं निबंध तपासले. ताई, तुमच्या निबंधाचं पहिलं वाक्य आणि बरोब्बर मधलं वाक्य इथे टाका. बाकी काही नको.

उशिरा_उठलेली
पहिलं: "लोकमान्य टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला."
मधलं: "आता आपण गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे वळू."

मास्तरीणबाई
झालं. त्या "वळू" मध्ये तुमचे सहा मार्क गेले. सहाशे शब्द टिळक, मग वळण, मग सहाशे शब्द आगरकर, आणि शेवटी चार ओळी की अशा प्रकारे दोघेही थोर होते. होतं ना असंच?

उशिरा_उठलेली
"अशा प्रकारे दोघांचेही कार्य महान होते." तुम्ही बघितलात का माझा पेपर?

मास्तरीणबाई
असे हजार बघितलेत. आता ऐका. माणसांची तुलना करायची नाही, दोघांना एकच प्रश्न विचारायचा आणि दोन उत्तरं लिहायची. मग दुसरा प्रश्न. परिच्छेद माणसाचा नसतो, प्रश्नाचा असतो. भाजीवाल्याकडे आपण आधी सगळं वांगं आणि मग सगळी भेंडी असं बघतो का, भाव विचारतो दोन्हींचा, मग ताजेपणा बघतो दोन्हींचा.

दोनदा_चहा
बाई, मी तरी आधी सगळं वांगंच बघतो.

गोदाकाठ
बाईंशी थोडा मतभेद. एकेक माणूस सलग घेऊनही चांगला निबंध होतो, अट एवढीच की दुसऱ्या भागात प्रत्येक ठिकाणी पहिल्याची आठवण काढायची. म्हणजे आगरकरांवर लिहिताना "टिळक जिथे लोकमताची वाट बघा म्हणत होते तिथे आगरकर" असं. मुद्देनिहाय लिहिलं की कधीकधी टेनिस मॅच होते, टिळक, आगरकर, टिळक, आगरकर, वाचणाऱ्याची मान दुखते.

मास्तरीणबाई
ज्याला जमतं त्याला ते जमतं. ज्यांचा पेपर "आता आपण वळू" वर परत आलाय त्यांनी दोन दिवसांत तो प्रयोग करू नये.

गोदाकाठ
मान्य. शुक्रवारी रात्री तरी मान्य.

बोलून_टाइप
मोबाइलवर कीबोर्डमध्ये माइकचं बटण असतं, मराठी निवडा आणि बोला, आपोआप टाइप होतं, एक तासात बाराशे शब्द. फक्त "आगरकर" चं "आग कर" होतं ते बघून घ्या.

पेठेतला_पोपट
सुधारकाला ते चालून गेलं असतं.

खडूस_खारूताई
ताई, तथ्यांचं एक बघा. तुमच्या निबंधात "टिळकांनी केसरीतून आणि आगरकरांनी सुधारकमधून आपले विचार मांडले" असं वाक्य आहे का? असणारच, सगळ्यांच्या असतं. १८८१ ला केसरी निघाला तेव्हा संपादक आगरकर होते, टिळक इंग्रजी 'मराठा' बघायचे. १८८७ ला आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ ला सुधारक काढला, त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळायचे. म्हणजे सहा-सात वर्षं दोघं एकाच छापखान्यात भांडत होते. तुलनेला हीच जागा सगळ्यात भारी आहे आणि त्या एका वाक्याने ती बुजून जाते.

उशिरा_उठलेली
आहे ते वाक्य 😞

टेंभूकर
आणि दोघं एकाच साली जन्मले, १८५६, आगरकर जुलैच्याच १४ तारखेचे, नऊ दिवसांचं अंतर. दोघं डेक्कन कॉलेजात. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघं एकत्रच डोंगरीच्या तुरुंगात, १८८२, एकशे एक दिवस. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलंय. आणि त्या खटल्यात जामीन कुणी दिला माहितीये का, रामशेठ उरवणे, महात्मा फुल्यांच्या खटपटीने. हे निबंधात घालाच.

स्वराज्य_१९२०
शेवटी एकत्र तुरुंगात गेले हे तरी मान्य केलंत, आभारी आहे.

मास्तरीणबाई
टेंभूकरांचं साम्य हे शंभर शब्दांत उरकायचं, एका परिच्छेदात. मात्र ते हवंच. साम्य असल्याशिवाय भेदाला अर्थ नाही. एकाच वयाची, एकाच शाळेत शिकवणारी, एकाच तुरुंगात राहिलेली दोन माणसं दहा वर्षांत एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात, मग प्रश्न उभा राहतो की का. फर्ग्युसनचे प्राचार्य आणि मंडालेचा कैदी अशी तुलना केली तर कुणालाच काही प्रश्न पडत नाही.

रेघ_मारा
"आधी राजकीय की आधी सामाजिक" हा मुद्दा लिहा, हमखास येतो. गाइडमध्ये आहे.

गोदाकाठ
गाइडमध्ये आहे म्हणूनच सरांनी शंभर वेळा वाचलाय. त्यापेक्षा विचारा की सुधारणा घडवायची कुणी? कायद्याने की लोकांनी? १८९१ चं संमतिवयाचं बिल घ्या, त्यात दोघंही स्पष्ट सापडतात.

उशिरा_उठलेली
शनिवार, रात्रीचे साडेअकरा. स्वयंपाकघरात बसून लिहिलंय. गोदाकाठ यांचा प्रश्न घेऊन एक परिच्छेद, बघा:

"१८९१ साली बालविवाह थांबवण्याचे बिल आले तेव्हा लहान मुलींची लग्ने वाईट याबद्दल दोघांचे फारसे दुमत नव्हते. वाद होता तो ती थांबवायची कुणी. टिळकांना परके सरकार घरात नको होते. सुधारकांनी आधी स्वतः पाळून दाखवावे, मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही असे लिहून द्यावे, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे आगरकरांना एवढा धीर नव्हता. दुसरीकडे कायदा झाला नाही तर लोक शहाणे होईपर्यंत त्या मुलीने वाट का बघायची, हा त्यांचा प्रश्न होता."

पेठेतला_पोपट
ओ बाई, हे तर वाचावंसं वाटतंय.

मास्तरीणबाई
"लोक शहाणे होईपर्यंत त्या मुलीने वाट का बघायची" हे वाक्य ठेवा. दोन्ही "दुसरीकडे" काढा, एकाची गरज नाही आणि दुसरा चुकीचा आहे, तिथे तुम्ही त्याच बाजूला आहात. कच्च्यात किती आहेत मोजा बरं.

उशिरा_उठलेली
अकरा.

खडूस_खारूताई
आणि बिल बालविवाहाचं नव्हतं. संमतिवयाचं होतं, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय, ते दहाचं बारा केलं. लग्नाच्या वयाला त्याने हातच लावला नाही, ते १९२९ च्या शारदा कायद्यात आलं. पहिलं वाक्य बदला नाहीतर सर तिथेच थांबतील.

उशिरा_उठलेली
बापरे. बदलते. थँक्यू.

स्वराज्य_१९२०
टिळकांची बाजू ठीक लिहिलीत. त्यांनी वयाची अट स्वतःहून सुचवली होती हे लोक सोयीस्कर विसरतात.

खडूस_खारूताई
आणि कायद्याला विरोध केला होता हे तुम्ही.

स्वराज्य_१९२०
परक्या सरकारच्या कायद्याला.

खडूस_खारूताई
मुलीला त्याने काय फरक पडतो?

गोदाकाठ
ताई, या दोघांची भांडणं कॉपी करून ठेवा. हाच तुमचा तिसरा परिच्छेद आहे.

दोनदा_चहा
एक शंका, असाइनमेंट हाताने लिहायची की टाइप करून? हाताने असेल तर बॉलपेन नको, मागे उमटतं.

उशिरा_उठलेली
हाताने. जेलपेन घेतलंय. रविवार दुपार, आता अडचण अशी की चौदाशे शब्द होताहेत. दोनशे कुठून काढू? टेंभूकरांचा जामीनवाला भाग मला खूप आवडलाय पण तो कुठल्याच प्रश्नाखाली बसत नाहीये.

मास्तरीणबाई
मग काढा.

टेंभूकर
काढू नका ओ, एक ओळ तरी ठेवा.

उशिरा_उठलेली
काढला टेंभूकर, माफ करा. जन्मतारखाही काढल्या. "महान" पाच वेळा होतं तेही काढलं. अकराशे नव्वद झाले. आता पक्कं लिहायला बसते, मुलगा म्हणतोय टीव्ही बंद करू का तुझ्यासाठी.

रेघ_मारा
शेवटी छोटा तक्ता टाकला असता तर बरं झालं असतं.