विषय: आयव्हीए तपासणीसाठी केंद्र कोणते घ्यावे? (शनिवारपूर्वी उत्तर हवे)

प्रेषक: बापू, मिल्टन कीन्स

सप्रेम नमस्कार.
गणपतीत ज्यांनी आमच्या गॅरेजात नुसता सांगाडा पाहिला होता, त्यांना कळवतो की घरी सुटे भाग जोडून बांधलेली माझी गाडी पूर्ण झाली असून आयव्हीएचा, म्हणजे अशा गाडीच्या नोंदणीआधीच्या सरकारी मान्यता-तपासणीचा, अर्ज शनिवारी भरायचा आहे. अर्जात केंद्राचे नाव द्यायचे आहे आणि तिथेच माझे अडले आहे. डार्टफर्डला केटरहॅम या हलक्या स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना असल्यामुळे गिलिंगहॅम केंद्राच्या परीक्षकांच्या नजरेखालून अशा बुटक्या, उघड्या गाड्या नेहमी जात असणार, असा माझा कयास आहे. नाना मात्र फोनवर किडरमिन्स्टर केंद्राचा आग्रह धरून बसले आहेत. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे. मंडळाचा ट्रेलर पुढच्या महिन्यात मोकळा आहे का, हेही खजिनदारांनी सांगावे.

प्रेषक: नाना, कॉव्हेंट्री

बापू, मी आग्रह धरलेला नाही, मत दिले आहे. कारखाना जवळ असण्याचाच मुद्दा असेल, तर किंग्जविनफर्डचा वेस्टफील्ड हा तशाच गाड्यांचा कारखानाही किडरमिन्स्टरपासून लांब नव्हता, म्हणजे तो मुद्दा दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो. एसव्हीए ही जुनी तपासणी जाऊन आयव्हीए आले ते २००९ साली. माझी गाडी त्यानंतर लवकरच तपासणीला गेली आणि तेव्हाही अमुक केंद्र सैल, तमुक कडक अशी कुजबुज होतीच. नियमपुस्तिका मात्र सगळीकडे एकच आहे. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून ज्या कडेला टेकतो, ती कडा निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली हवी. हे मोजायला परीक्षकाचा स्वभाव आड येत नाही. आरशाच्या दांडीवरच्या एका उघड्या बोल्टवर टोपी बसवायची मी विसरलो, नापास झालो आणि सगळी यातायात पुन्हा केली. तेव्हा दोनदा जावे लागेल असे धरूनच रस्ता निवडा. गिलिंगहॅम म्हणजे एम-२५ आणि डार्टफर्डचा पूल आलाच.

प्रेषक: खजिनदार

ट्रेलरपुरतेच लिहितो. तो मखराचे आणि मंचाचे सामान नेण्यासाठी सभेच्या ठरावाने घेतलेला आहे. गेल्या वर्षी तो बागेची माती वाहायला कोणी नेला, त्यांचे नाव येथे घेत नाही. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि बिनब्रेकचा ट्रेलर मालासकट ७५० किलोच्या वर नेणे बेकायदेशीर आहे. बापूंची गाडी ६०० किलोच्या घरात आहे आणि ट्रेलर रिकामाच २१० किलोचा आहे. बेरीज आपणच करावी.

प्रेषक: दादा, डर्बी

माती मी नेली होती आणि ट्रेलर धुऊन परत केला होता, याची नोंद व्हावी.
आता मूळ प्रश्न. पूर्वेकडे की पश्चिमेकडे असा वाद चालला आहे आणि सरळ उत्तरेकडे कोणी पाहतच नाही. नॉटिंगहॅमजवळ वॉटनॉलला केंद्र आहे. मिल्टन कीन्सहून एम-१ धरला की सव्विसाव्या जंक्शनपर्यंत वळायचे कामच नाही. ट्रेलर भाड्याने घेतला तरी मोटरवेवर ताशी साठ मैलांची मर्यादा धरून दीड तासाच्या आसपास पोहोचाल. डिसेंबर २०२१ पासून साध्या लायसन्सवरही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यामुळे वेगळ्या परीक्षेची धास्ती बाळगू नये.
एक सांगायचे राहिले. जिचे भाग वापरले त्या डोनर गाडीचा, म्हणजे माझदा एमएक्स-५ चाच, स्पीडोमीटर ठेवला असेल आणि टायर मोठे घातले असतील, तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवेल आणि तेवढ्यावरच नापास व्हाल. जास्त दाखवलेला चालतो, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक सव्वासहा मैल एवढाच. आवाजही मोजून घ्या, मर्यादा ९९ डेसिबलची आहे.

प्रेषक: माई, लेस्टर

वॉटनॉल ठरले तर आमचे घर वाटेवरच आहे. सकाळी पोहे आणि चहा घेऊन पुढे जावे. गाडी चालवतच आणता येत असेल, तर ट्रेलरचे भाडे तरी कशाला भरता?

प्रेषक: नाना, कॉव्हेंट्री

माईंच्या पोह्यांविषयी दुमत नाही, पण कायद्याविषयी आहे. नोंदणी न झालेली गाडी आधी वेळ ठरवून घेतलेल्या तपासणीला रस्त्यावरून नेता येते, तिथून परतही आणता येते. विमा मात्र चासी क्रमांकावर काढलेला हवा. ही सवलत तपासणीच्या प्रवासापुरती आहे. नंबरप्लेट नसलेल्या गाडीला पोलिसांनी हटकले, तर पोह्यांसाठी वाट वाकडी केल्याचे बापू कसे समजावून सांगणार? डार्टफर्डचा टोलही कॅमेऱ्यात टिपलेल्या नंबरावरून घेतला जातो. प्लेटच नसेल तर तो कोणाच्या नावावर भरायचा? गिलिंगहॅम मी मुळातच बाद का ठरवले, ते आता ध्यानात आले असेल.

प्रेषक: बापू, मिल्टन कीन्स

नाना, किडरमिन्स्टरचे आपण आता काहीच बोलत नाही, यावरून आपणही वॉटनॉलकडे झुकला आहात असे समजतो. अर्जात तेच नाव घालतो. दादांचे बरोबर आहे, मागचे टायर मोठेच आहेत. नोंदणीविना रस्त्यावर जीपीएस लावून पाहता येणार नाही, त्यामुळे रोलिंग रोड (गाडी जागेवर ठेवून रोलरवर चाके फिरवून वेग मोजण्याचे यंत्र) असलेल्या गॅरेजात आधी दाखवतो. तिथवर न्यायलाही ट्रेलर लागणारच, म्हणून ब्रेकचा ट्रेलर दोनदा भाड्याने घेईन. गाडी ट्रेलरवर असल्यास लेस्टरला थांबण्यास नानांची हरकत नसावी.

प्रेषक: नाना, कॉव्हेंट्री

ट्रेलरवर असल्यास हरकत नाही. किडरमिन्स्टरविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

प्रेषक: खजिनदार

दादा, ट्रेलर धुतलेला होता हे मान्य. मागच्या दिव्याची फुटलेली काच अजून तशीच आहे.