शंभर टेटू, आई एकच: याला संवर्धन म्हणायचं का?

बालाघाटकर, अंबाजोगाई
आमच्या गायरानावर यंदा टेटू या दुर्मिळ औषधी झाडाची शंभर रोपं लागली. फोटो झाले, सत्कारही झाले. बी कुठलं म्हणून विचारलं, तर किनवटकडून आणलेल्या दोन शेंगा, त्याही एकाच झाडाच्या! टेटूची शेंग तलवारीसारखी, हातभर लांब. उकलली की पातळ पंखांच्या बिया शेकड्यानं निघतात. दोन शेंगांत रोपवाटिका भरते, पण रोपं सगळी भावंडं. त्यांचं आपसातच परागण झालं की पुढची पिढी कमजोर, आणि एकाला लागलेला रोग साऱ्यांना. इंग्लंडातला एल्म वृक्ष बहुतांशी एकाच झाडाच्या फुटव्यांतून पसरलेला होता. 1970 च्या दशकात बुरशी आली नि कोट्यवधी झाडं वाळली. बी निदान तीस झाडांचं हवं, तीही एकमेकांपासून लांबची.

रानवाट, लातूर
सर, आधी तीस टेटू दाखवा तर खरं! मुळाची साल दशमूळ या आयुर्वेदिक औषधात जाते, म्हणून लोक मूळच उकरून नेतात. एखादं झाड दिसलं तरी नशीब. ऑस्ट्रेलियात 1994 साली वोलेमी पाइन हे अतिदुर्मिळ झाड सापडलं. रानात मोठी झाडं शंभरच्या आत, जनुकीय फरक नगण्य. म्हणून ते सोडून दिलं का? रोपं करून जगभर विकली. आणि टेटूची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं लांबूनही पराग आणतील की.

बालाघाटकर
आणतील, पण आसपास दुसरा टेटूच नसेल तर कुणाचा? वोलेमीला इलाज नव्हता. टेटू कोकणापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आहे. इथं नुसता आळस आहे.

पिशवी-माती
आळस म्हणू नका दादा, रोपवाटिका मी चालवते. शेंगा वाळतात तेव्हा एकाचाही फोन येत नाही. जून उजाडला की "ताई, टेटू आहे का?" झाडागणिक बी वेगळं ठेवायचं, पिशव्यांवर नंबर टाकायचे, याची मजुरी कोण देतं? भाव मात्र करंजाचाच पाहिजे.

माहूरकर
आमच्या माहूर-किनवटकडचा पाऊस तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. ते बी तुमच्या बालाघाट डोंगरातल्या मुरमावर तगेल का, हे कुणी बघितलं? माझ्या मते जवळच्या डोंगरातलं एकच झाड सापडलं तरी आधी त्याचं बी घ्या.

बालाघाटकर
मग पुन्हा एकाच आईची लेकरं! दोन्हीकडचं मिसळा, तगेल ते तगेल. यंदाची शंभर उपटा असं मी म्हणत नाही. मधल्या जागेत पुढच्या वर्षी दुसरीकडची लावा.

रानवाट
लावू. पण चैतात टँकर कोण घालणार, ते आधी ठरवा.