मदत हवी आहे: भावाचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) आकसत चाललाय

नमस्कार मंडळी,

भाऊ २९ वर्षांचा, सडसडीत. लहानपणापासून त्याच्या टाचेमागे आणि बोटांच्या पेरांवर पिवळट गाठी आहेत. आई म्हणायची, चपला चावतात. दोन डॉक्टरांनी 'चरबीच्या गाठी, काही नाही' म्हणून परत पाठवलं. रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, असो. २४ व्या वर्षी पहिल्यांदा तपासलं, तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५१२!

आई-बाबा आतेमामेभावंडं. दोघांचंही एलडीएल दोनशेच्या पुढे. आजाराचं नाव फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून जन्मतःच आलेलं जास्त कोलेस्टेरॉल. दोघांकडचा बिघडलेला जीन याच्याच वाट्याला आला. मला एकच आला, त्यामुळे माझं गोळीवर भागतं.

रोसुवास्टॅटिन, एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्यावर त्याचं २९० वर आलं. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. आणि परवाचा इको (हृदयाची सोनोग्राफी): अ‍ॅओर्टिक व्हॉल्व्हमधला वेग सेकंदाला ३.६ मीटर, सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ३१. दोन वर्षांपूर्वी वेग २.९ होता. व्हॉल्व्हच्या जरा वर महाधमनीही अरुंद आहे म्हणे.

तो म्हणतो, मला काही होत नाही. पण गेल्या महिन्यात जोतिबाच्या पायऱ्या चढताना दोनदा खाली वाकला, "चपलेचा पट्टा लावतोय" म्हणून. पायात साधी अंगठ्याची स्लिपर होती.

एलडीएल एवढं उतरूनही व्हॉल्व्ह का बिघडतोय? आणि या वयात बदलायची वेळ आली तर मेटलचा घालतात की टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीचा)? वर घरात त्याच्यासाठी मामाच्याच मुलीचं नाव निघतंय, आणि मामाचं पन्नाशीच्या आत बायपास झालंय.

प्रतिसाद १

ताई, मलाही हाच आजार आहे. ३४ व्या वर्षी व्हॉल्व्ह बदलला. गोळ्या बंद करू नका, हृदयाच्या रक्तवाहिन्या त्यांच्यामुळेच वाचतात. पण व्हॉल्व्हवर एकदा कॅल्शियम बसलं की स्टॅटिन त्याला आवरत नाही. २००८ च्या सीज (SEAS) या औषध-चाचणीत आपला आजार नसलेल्या, व्हॉल्व्ह आकसलेल्या नेहमीच्या रुग्णांतही तेच दिसलं होतं.

मी मेटलचा घेतला. अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) जन्मभर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) सारखं तपासायचं. रात्री शांत असलं की टिकटिक ऐकू येते, बायकोलाही. टिश्यूचा तरुणपणी लवकर झिजतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. महाधमनी अरुंद असेल तर सर्जनना ती रुंदही करावी लागते, म्हणून आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं स्कॅन) होईल.

मामाच्या मुलीचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) बोलणी पुढे जाण्याआधी करा. तिच्यातही जीन असेल, तर प्रत्येक मुलाला भावासारखा आजार व्हायची शक्यता निम्मी.

वेग ४ झाला की तीव्र म्हणतात, पण त्या आकड्याची वाट बघत बसू नका. पायऱ्यांचं डॉक्टरांच्या कानावर घातलंत का?

धागाकर्ती

नाही. तो सांगू देत नाही. उद्या सकाळी त्याला न विचारता फोन करते.