शेळ्यांच्या पायाखालचं गवत: तुमच्याकडे काय उपाय केलात?

डिचोली, नऊ शेळ्या

सकाळी गोठा झाडताना जीव जळतो. रात्री टाकलेलं गवत लेंड्या-मुतात कालवलेलं असतं आणि बाईसाहेब त्याच्यावर उभ्या राहून माझ्याकडे ओरडत बघतात. आपल्या गोव्यात गवताला तण म्हणतात, घाटावरचे लोक त्यावर हसतात, त्यांच्याकडे तण म्हणजे उपटून फेकायची वस्तू. माझ्या शेळ्याही तसंच समजतात बहुतेक.

गेल्या आठवड्यात मासळी मोजायच्या लटकत्या काट्यावर मोजलं. संध्याकाळी दहा किलो टाकलं, सकाळी चार किलो गोळा केलं. गोळा केलेलं भिजून जड झालेलं, म्हणजे हिशेब कच्चाच, पण तरी! यातलं निम्मं चोर्ला घाटातून बेळगावकडून विकत आलेलं. ज्यांनी काही करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. फसलेलं असेल तर तेही.

पेडणे, चौदा शेळ्या

मी आधी एक दिवस नुसता बसून बघितलं. शेळी ढिगात तोंड घालते, खालचं हिरवट पान शोधून ओढते, मग घास चावायला मान वर करून दोन पावलं मागे सरते. तिथेच अर्धा घास खाली पडतो. पडलेल्यावर दुसरीचा पाय, आणि एकदा पाय किंवा थेंब पडला की त्याला कोणी नाक लावत नाही. गाय खाईल, शेळी नाही.

म्हणून चिरलेल्या पोफळीच्या रिपांची इंग्रजी व्ही आकाराची गव्हाण केली. दोन रिपांमध्ये दोन इंच. तोंडाचं टोक जातं, डोकं जात नाही, त्यामुळे काडी-काडी ओढावी लागते. खाली जुन्या पत्र्याचा उथळ ट्रे. त्यात सगळा बारीक पाला जमतो आणि तोच त्या आधी चाटून साफ करतात. ट्रे नसता तर सगळ्यात पौष्टिक भाग मातीत गेला असता.

चूक सांगतो. पहिल्यांदा गव्हाण डोक्याच्या वर टांगली होती. कुसळं आणि धूळ डोळ्यांत जाऊन तिघींचे डोळे पाणावले, एकीचा तर सुजला. मग खांद्याच्या उंचीला आणली.

वाळपई

डिचोलीकर भाऊ, रागावू नका, पण नऊ शेळ्यांना रात्रीसाठी दहा किलो? तीस किलोच्या शेळीला दिवसभरात साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. तुमच्या तर दिवसा चरून येतात. आधी घालणं कमी करा, मग सुतार बोलवा. मी थोडं संध्याकाळी, थोडं झोपायच्या आधी टाकते.

सांगे, धनगरवाडा

आमच्या बापसाने कधी गवत खाली टाकलं नाही. फणसाचा, उंबराचा, पांगाऱ्याचा टाळा तोडून आणायचा आणि सुंभाने वाशाला उलटा टांगायचा, शेळीला मान थोडी वर करावी लागेल इतका. तो म्हणायचा, शेळी झाडाला लागणारं जनावर, तिला जमिनीवर वाढलं तर ती रुसणारच. मी आता भाताच्या पेंड्या तशाच टांगतो, पण बांध सैल ठेवत नाही. सैल पेंडी एका हिसक्यात सुटते आणि सगळं खाली.

पाला आहे तोवर नुसत्या तणावर शेळी ठेवू नका. भाताच्या तणात दम नाही, पोट भरतं इतकंच.

काणकोण, सहा शेळ्या आणि करडं

माझी फजिती वाचा म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. घरात रापणीचं जुनं जाळं पडलेलं, त्यात गवत भरून लटकवलं. मोठ्यांना छान जमलं. तिसऱ्या दिवशी पहाटे करडाचा आवाज आला, धावत गेलो तर पुढचा पाय जाळ्यात अडकून ते अर्धं लोंबकळतंय. वेळेवर पोचलो म्हणून वाचलं, पुढे आठवडाभर लंगडत होतं. मान अडकली असती तर?

मग लोखंडी जाळी आणली, भोकं चार इंची. शिंगांच्या शेळीने डोकं आत घातलं, बाहेर येईना. शिंगं मागे वळलेली, त्यामुळे आत जाताना सरकतात, येताना अडकतात. करवतीने जाळी कापावी लागली. आता दोन इंची आहे.

बोरी, फोंडा

गव्हाणीबद्दल सगळे बोलताहेत, गवताबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही घालता ते तिला खाण्यासारखं आहे का? आमच्या सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताचं तण कापणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडलं की आतून काळं पडतं. वरून दिसत नाही, पेंडी उघडून नाक लावलं की कळतं. शेळीला तर लांबूनच कळतं. ते वाया जात नाही, ती नाकारते. बुरशीचं तण हट्टाने खाऊ घालूही नका. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं तण कडक उन्हात वाळतं, ते मी शेळ्यांना राखून ठेवतो.

आता मशीनने कापणी झाली की तण तुकडे होऊन शेतभर पसरतं, पेंड्या मिळतच नाहीत. म्हणून मीही घाटावरून भुईमुगाचा पाला आणतो. महाग, पण काडीही उरत नाही, त्यामुळे शेवटी तोच स्वस्त पडतो. पावसाळ्यात चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर ठेवा, भिंतीला चिकटवू नका.

केपे

मला यात एवढं दुःख दिसत नाही. उरलेलं सगळं माडांच्या आळ्यात जातं, लेंडीसकट. पण खाली पडलेलं परत गव्हाणीत टाकायची चूक मी केली होती. दोन महिन्यांत शेळ्या वाळल्या, पापणीची आतली बाजू पांढरीफट. डॉक्टर म्हणाले, बाय, लेंडीने माखलेलं खाऊ घालून तू जंतच परत पोटात पाठवतेस.

डिचोली, पुन्हा मी

सर्वांचे आभार. पेडणेकरांच्या मापाने गव्हाण केली आणि वाळपईच्या ताईंचं ऐकून सहा किलोवर आलो. आता सकाळी जेमतेम अर्धा किलो निघतं, तेही जाड देठं.

पण दोन नव्या कटकटी. माझी थोरली, कोकण कन्याळ जातीची शेळी गव्हाणीच्या मधोमध उभी राहून दोन्ही बाजूंना शिंगं दाखवते, धाकट्या दोघी उपाशी. म्हणून कोपऱ्यात दुसरी लहान गव्हाण बांधली. आणि काल रात्री बॅटरी मारली तर एक करडू वरून उडी घालून गव्हाणीत गवतावर पसरून झोपलेलं, खाली ट्रेमध्ये लेंड्यांचा सडा. वर झाकण कोणी केलंय का? बिजागरीचं की नुसती फळी?