मदत हवी आहे : दम्याचा स्टेरॉइड पंप आणि श्वासनलिकेतले जंतू

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, दमा जुनाच. चार वर्षं ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध) यांचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेते. दम आटोक्यात आहे, रात्रीची उठून बसत नाही, त्यामुळे पंप बंद करायचा विचारही नाही. (शेजारच्या काकू "स्टेरॉइड आहे गं ते, सोड" म्हणतात, ते राहू दे.)

पण दिवाळीपासून दोनदा पिवळा बेडका पडला. थुंकीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) हिमोफिलस इन्फ्लुएन्झा नावाचा जंतू निघाला. अँटिबायोटिकने बरं वाटलं.

मग मी वाचत बसले. फुप्फुसं निर्जंतुक असतात ही समजूत आता मागे पडली आहे. २०१० च्या एका अभ्यासात दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत हिमोफिलसच्या जातकुळीतले जंतू निरोगी लोकांपेक्षा जास्त सापडले होते. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण तिथली प्रतिकारशक्तीही थोडी दबते. तोंडात पांढरा थर येतो तो त्यातलाच प्रकार, म्हणून तर गुळण्या करायच्या. मग खाली नळीतही तसंच होतं का? की जंतू दम्यामुळेच वाढतात आणि पंपावर उगाच आळ येतो? माझं डोकं इथेच अडकलंय.

कुणाच्या घरी असं झालंय का? डॉक्टरांनी डोस कमी केला, औषध बदललं, की आधी एक्स-रे, सीटी काढायला सांगितला? आठवड्यातून तीनदा घ्यायचं अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन कुणाला दिलंय का? पुढच्या मंगळवारी छातीच्या डॉक्टरांकडे जायचंय, नेमकं काय विचारू तेवढं सांगा.